चिंधी

पायडल मारताना डावा पाय
अजून आवरता घेतो मी,
तिथं चिंधीची शेपूट असायची.

उदगीरच्या या दुकानात अकरा वर्षं
कातरणांच्या ढिगावर निजली.
गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तिचे पिवळे केस;
त्यावरून किती बोलणी खाल्ली.

परवा देगलूर रोडच्या बाभळीखाली ठेवलं तिला
कुणी न नेलेल्या सफारीत गुंडाळून.
टेप गळ्यातच होता माझ्या.
माप घ्यायचं सुचलं नाही.
खड्डा आखूड पडला,
पाय दुमडावे लागले तिचे.

"कुत्रंच होतं की मामा,
दुसरं आणूत," निवर्ती म्हणाला.
मी त्याची बाही मोजत होतो.
पुन्हा मोजली.

आज त्याच्याच सदऱ्याच्या शिवणीत
एक पिवळा केस निघाला.
उसवलं नाही.
इस्त्री फिरवली वरून,
घडी घालून दिला.