आवक-जावक

ऑल्डरक्लफच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
एकवीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली.
आलेला कागद वहीत चढवायचा, शिक्का मारायचा,
ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवून यायचा.
वाचायचा नाही, असा काही नियम नव्हता.
तो मीच करून घेतला होता.

आज चौकशी समितीपुढे माझी साक्ष.
बाहेर पायऱ्यांवर दोन घोळके, मधे पोलिसांचे पिवळे कोट.
इकडे खांद्यांवर पांघरलेले झेंडे, भिजून जड झालेले:
कोण होते ते, सांगा! कुठले होते, सांगा!
तिकडे पुठ्ठ्याचे फलक, शाई ओघळलेली:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका!
मी मधून गेले, छत्री मिटून.
दोघांचंही थोडं पटत होतं मला
आणि दोघांपैकी कुणी
तिचं वय उच्चारत नव्हतं.

आत वकीलबाईंनी जुना फॉर्म पुढे सरकवला.
रकाना सात. संशयिताचा वंश.
हा कोरा का?
मी म्हटलं, ऑग्डेनसाहेब म्हणाले होते, तूर्त राहू दे,
उगाच गावात ठिणगी पडायची.
पत्रकारांची बोटं एकदम कळांवर पडली
पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.

मी म्हटलं, पान उलटा ना.
रकाना अठरा. केलेली कारवाई.
तोही कोराच आहे.
सकाळपासून त्याचं कुणी विचारलं नाही.

गारा थांबल्या.

मग मला बोलणं आवरेना.
बँडमास्तर प्रीस्टलीच्या वेळचे फॉर्म निराळे होते, म्हटलं,
त्यांत वंशाचा रकानाच नव्हता,
गोरा माणूस, गावचाच, नाताळात चौकात ट्रम्पेट वाजवायचा.
कारवाईचा रकाना मात्र तेव्हाही होता.
तेव्हाही असाच, धुतल्या तांदळासारखा.

आणि कॅनॉल स्ट्रीटची तस्नीम मिरझा,
युवा केंद्रातली, यादी घेऊन आली होती, नऊ नावं.
शेवटचं तिच्याच गल्लीतल्या एका मुलीचं.
तिला उत्तर गेलं, माझ्याच हातचं, जावक दोन हजार दोनशे सोळा:
आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांशी बोलावे.
त्या मुलीची फाइल उघडलीच नाही.
बाहेरच्या एकाही फलकावर
तिला उभं राहायला जागा नाही.

आणि ती, जिच्यासाठी हे सगळं चाललंय,
तिच्या अकरा नोंदी, माझ्या अक्षरात.
पहिली शाळेतल्या नर्सचं पत्र.
चौथ्या वेळी ती स्वतःच आली,
तेरा वर्षांची, कुणाच्या तरी कोटात, बाह्या बोटांखाली गेलेल्या,
रेडिएटरला पाठ लावून उभी राहिली.
म्हणाली, पाणी मिळेल का?
मी पाणी दिलं. शिक्का मारला.
संध्याकाळी खाली शेरा आला:
मुलगी स्वतःच्या मर्जीने वागते.
तेरा वर्षांची मर्जी.
मी ती वहीत उतरवली,
वेलांटीसुद्धा न चुकवता.

जेवणाच्या सुट्टीत ती चहाच्या यंत्रापाशी होती.
आता चौतिशीची. इथे तिला एक अक्षर दिलंय,
साक्षीदार फ.
मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तीच म्हणाली,
तुम्ही पाणी दिलं होतंत.
आठवतं, म्हटलं.
आणि माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतंत.

कप घेऊन ती गेली.
मी परत येऊन वही मागितली.
खरंच, एक अक्षर.
अकराही वेळा.