फक्त वाचण्यासाठी

पहिली झुल्मिरा गेली सत्त्याऐंशीच्या जानेवारीत,
अकरा दिवसांची. अठराशे सत्त्याऐंशी.
दुसरी झाली दोन वर्षांनी,
त्याच आईला, त्याच खोलीत, तेच नाव घेऊन.
पिकू बेटावर तेव्हा नाव टाकून देत नसत;
थोरल्याचा सदरा धाकट्याला आला
तसं तेही यायचं, थोडं दुमडून.

तुला हे फॉल रिव्हरमध्ये बसून कसं कळावं, एव्हारिश्तू?
जेवणं झाली असतील, भांडी विसळून झाली असतील,
पडद्यावर पिवळी पट्टी आली :
'या दोन व्यक्ती एकच असाव्यात का?'
तू हो म्हणालास. एका बोटानं.
अकरा दिवसांची पोर
ब्याण्णव वर्षांच्या म्हातारीत विरघळली.

सकाळी फाइल उघडली.
काल माणसं होती चौदाशे सहा.
आज चौदाशे पाच.
बंदरावर एकोणतीस वर्षं मी माल मोजलाय,
पिंपं, पेट्या, लिस्बनला जाणारी हंबरती गुरं.
एक नग कमी असला
की माझ्या मानेला आधी कळतं, मग कागदाला.

आणली तिला परत, जुन्या प्रतीतून.
दर रविवारी चर्चहून आले की एक प्रत काढते,
वर तारीख घालते,
आणि एक डोंगरापलीकडे भावाच्या कपाटात ठेवते;
ज्वालामुखी उद्या जागा झालाच
तर सगळं घराणं एका घरात जळायला नको.

मग कुलूप लावलं.
चुलत, मावस, आते, मामे,
आणि ज्यांचं नातं सांगताना दम लागतो अशा सगळ्यांना कळवलं :
आजपासून फाइल फक्त वाचण्यासाठी.
दुरुस्ती हवी तर दाखला पाठवा, पान क्रमांकासह.
टोरांटोची ग्रासिंदा रुसली.
सांतोसहून वाल्देमिरनं विचारलं,
'दिओलिंदा, पूर्वज काय तुझ्या एकटीचे आहेत?'
नाहीत ना. म्हणूनच.

महिनाभर फाइल गप्प होती. छान झोप लागली.

आमच्या द्राक्षवेलींभोवती भिंती आहेत, तू फोटोत पाहिल्या असशील,
काळ्या दगडांच्या, जेमतेम कमरेपर्यंतच्या,
खारा वारा अडवायला.
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
फटींतून वारा येतो, पण दमून येतो.
माझ्या वडिलांनी एका वर्षी एक भिंत नीट लिंपून घेतली.
फेब्रुवारीत तेवढीच पडली.
वेलींवरच.

परवा तुझं पाकीट आलं.
चिठ्ठी नाही, रागाचा शब्द नाही.
चर्चच्या वहीतल्या एका पानाचा फोटो,
मागे पेन्सिलीनं पान क्रमांक,
मी मागितला होता तसा.
एकोणीसशे बारा. लुदोव्हिना, माझी आई.
आईचं नाव : झुल्मिरा.
वडील : अज्ञात.

फाइलमध्ये तिथं आमांसियू आहे.
होड्या बांधणारा आमांसियू,
ज्यानं झुल्मिराशी लग्न केलं चौदा साली,
ज्यानं माझ्या आईला वल्हं धरायला शिकवलं,
जो तिच्या शेजारी पुरलेला आहे.
ते नाव कुणी घातलं
हे फाइलच्या इतिहासात दिसतं, शोधणाऱ्याला :
पहिला दिवस, पहिला तास.
तुझ्या पट्टीच्या कितीतरी आधी.
दोघांना मीही एकच केलं होतं, भाऊराया,
आणि मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

रात्री कुलूप काढलं.
त्या नावापुढं ती उभी रेघ लुकलुकत राहिली,
दिवा काढायला आलेल्या माणसासारखी.
मी काही खोडलं नाही.
चहा केला. तो गार झाला.

लिहायची परवानगी दिली आहे तुला, एकट्याला.
जे पानावर आहे ते तू घाल.
आमांसियूसाठी शेजारी एक ओळ ठेव,
काय म्हणायचं त्याला ते मला सुचत नाही.
आणि पट्टी पुन्हा येईल, पिवळी, साळसूद.
झुल्मिराला हात लावू नकोस.
दोघींनाही.