मागची सीट

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला,
त्यावर ट्रक उताणा घातला.
चार चाकं वर,
दवाखान्यात आणलेल्या कासवासारखा.

प्लास्टिकचे जुने शॉक काढायला वीस मिनिटं लागली,
त्यातली बारा एकाच स्क्रूवर.
खाणीतली स्लेटची भुकटी त्याच्या खाचेत
पावसाने भिजून घट्ट बसली होती.
शेवटी शिवणाच्या सुईने कोरून काढली.
करडी. वेल्सच्या या कोपऱ्यात सगळंच करडं,
छपरं, कुंपणं, थडगी,
अख्खा नोव्हेंबर.

नवे शॉक मात्र लालभडक, अ‍ॅल्युमिनियमचे.
मेव्हणा टुडुर म्हणाला, शेहेचाळीस पाउंड? खेळण्यावर?
मी म्हटलं, आणि तू दर शनिवारी
हरणाऱ्या टीमवर किती घालतोस?
तो चहाचं आधण ठेवायला उठला.

तेल काठोकाठ भरायचं नाही,
काठाच्या जरा खालीच थांबायचं.
मग दांडा हळू वर, हळू खाली.
बुडबुडे येतात मोहरीएवढे,
फुटायची कसलीच घाई नसलेले.
एक जरी आत राहिला
तर प्रत्येक दगडावर कुरकुरणार,
चॅपलमध्ये नेमका प्रार्थनेला खोकणाऱ्या
म्हाताऱ्यासारखा.

चारही शॉक खिडकीत उभे करून ठेवले
आणि निघाले. बसची वेळ झाली होती.

माझी बस सोळा सीटची, शाळेची.
तिचे शॉक तीन वर्षांपूर्वीच गेले.
चार वेळा लिहून दिलंय.
कौन्सिल म्हणते, पुढच्या बजेटात बघू.
पूल संपतो तिथे डांबराला उंचवटा आहे.
मी ओरडते, धरा!
आणि पंधरा डोकी एकदम होकार देतात.

एलुनेड धरत नाही.
मागच्या सीटवरून ती अर्धी उठते,
गुडघे सैल सोडून,
आणि उंचवटा खालून जाऊ देते.

रविवारी ट्रक घेऊन खाणीच्या ढिगाऱ्यावर गेलो.
पुढची चाकं सुरेख चढली,
शिडीवर हात टाकावा तशी.
मग मागच्या बाजूने लाथ झाडली
आणि ट्रक कोलांटी खाऊन उताणा.
पुन्हा. पुन्हा.
टुडुर हसला नाही.
ते जास्त लागलं.

एलुनेड तिथेच कुत्रा फिरवत होती.
"मागचं कडक आहे," ती वेल्शमध्ये म्हणाली.
दोन वर्षं तिला नेते-आणते मी,
हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य.
तुला गं काय ठाऊक?
"मी मागेच बसते."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
ज्याचं बूड आदळतं त्याला तर फारच.

डबा उपसला. जुने दोन शॉक तळाशी सापडले,
फेकायचे राहून गेलेले.
बोटं गारठलेली, पक्कड दातात,
वाऱ्याकडे पाठ करून टुडुरने आडोसा धरला.
पुढे लाल, मागे काळे.
दिसायला ध्यान!
पण चढला. प्रत्येक दगडावर जरासा बसून,
मग पुढच्यावर.
वरच्या टोकाला कुत्रा त्याला हुंगायला थांबला.

सोमवारी मुलं उतरल्यावर
किल्ली टुडुरच्या हातात दिली.
म्हटलं, पुलावरून एक चक्कर मार,
रोजच्याच वेगात.
मी मागच्या सीटवर बसले.
काही धरलं नाही.

त्या रात्री कौन्सिलला पाचवं पत्र लिहिलं,
दोन पानी,
उभ्यानेच.