सातवा तुकडा

तिसऱ्या मजल्यावरच्या देवरुखकरांनी बाथरूम फोडलं,
त्या फरशीचे सात तुकडे
कृत्तिकाने दप्तरात लपवून आणले.
"बाबा, खाली चल. चप्पल नको, बूट घाल."

डॉक्टरांनी साखरेचा आकडा कागदावर लिहून
त्याभोवती दोनदा गोल काढला होता.
त्या गोलात मी महिनाभर बसून होतो.

चारकोप, संध्याकाळचे सात.
दोन स्कूटरांच्या मधली जागा, तेच मैदान.
वॉचमन मुनेश्वर शिट्टी खिशात घालतो,
म्हणतो, सेक्रेटरीच्या गाडीला बॉल लागला
तर मी पाहिलं नाही.

पहिल्याच नेमाला लगोरी फुटली.
मग मी पळालो. म्हणजे
पोट आधी पळालं, मी मागून.
पाण्याच्या टाकीला वळसा, मीटरच्या खोलीमागे,
आणि पाठीत सप्पकन टेनिसबॉल.
कितीतरी वर्षांनी कुणी मला
इतक्या आनंदानं मारलं.

शेवटच्या डावात सहा रचले.
सातवा हातात, हात थरथरतोय,
श्वास कुठे गेलाय कोण जाणे,
आणि ती चेंडू पायाशी ठेवून
वाकून बुटाची नाडी बांधत बसलेली.

नाडी सुटलेली नव्हती.

मी सातवा ठेवला, ओरडलो, "लगोरी!"
ती पाय आपटत आली, खोटंच.
ती तीन वर्षांची होती तेव्हा
बागेतल्या शर्यतीत
मीही असाच रोज ठेचकाळायचो,
ऐन झाडाजवळ.

लिफ्ट दार उघडून उभी होती.
"जिन्यानं?" ती म्हणाली.
दुसऱ्या मजल्यापर्यंत मी नाही-नाहीच म्हणत होतो.