जतन केलेली ठिकाणे

फोन हँडलला लावून दोन वर्षं काढली.
इंजिनाच्या थरथरीनं त्याचा कॅमेरा आंधळा झाला,
मे महिन्यात चेंबूर नाक्यावर तो तापून गप्प बसला,
आणि बोलू लागला तेव्हा नेमक्या वळणावर
लॅबमधून शेर्लीन:
"कुठे पोचलीस? रक्त नासेल ना गं."
स्क्रीनवर रस्त्याच्या जागी तिचा हसरा फोटो.
मी सरळ गेले. सरळ म्हणजे पांजरापोळ.

म्हणून लॅमिंग्टन रोड.
देढियाशेठनं काउंटरवर यंत्रं मांडली,
साड्या पसरतात तशी.
हे नुसतं मोटारचं बेन, पावसात जाईल.
ह्याचा नकाशा फुकट, त्याला दरवर्षी पैसे.
मी हातमोजा काढलाच नाही,
एकेकाला त्याच बोटानं दाबून पाहिलं.
शीर आहे की नाही
हे मला बोटालाच कळतं.
शेवटी खालच्या खणातून एक जुनं निघालं,
काचेला कोपऱ्यात ओरखडा, रबरी झाकण घट्ट.
"बाइकला चालते, मोटारला चालते.
पार्टी गाडी विकून गेली."
साडेतीन हजारांना दिलं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मला जेजे पुलावर चढवलं.
शिट्टी.
"मॅडम, टू-व्हीलरला बंदी. वाचता येतं ना?"
येतं. यंत्राच्या लेखी मात्र
मी अजून मोटारगाडी होते.
दंड भरला, तिथंच कडेला उभी राहून
मोटरसायकल झाले.

पुलांचं त्याला अजून नीट समजत नाही.
सायनला मी खाली असते, माझा बाण वरून जातो.
बोलणारी बाई भोईवाड्याचा भोई-वडा करते,
चटणीबरोबर द्यायचा असल्यासारखा.
पण ती रागावत नाही. चुकले तर
क्षणभर गप्प बसते,
आणि जिथे असेन तिथून सुरुवात करते.
आमच्या घरात हे कुणालाच जमलेलं नाही.

"आधीच्याचं सगळं पुसून टाक," शेर्लीन म्हणाली.
सत्तावीस ठिकाणं होती.
घर.
घर नवीन.
मोटे सर, मागचं फाटक.
पंक्चरवाला (हा चांगला).
बाबांचे डायपर, घाऊक.
इथे थांबू नये.

दोन्ही घरं काढली. एका यंत्रात तीन घरं कशाला?
मोटे सर गेले, डायपर गेले
(ते पुसताना बोट जरा रेंगाळलं).
पंक्चरवाला ठेवला. गोवंडीला गेले एकदा,
खरंच चांगला, ट्यूब पाण्यात दोनदा बुडवून पाहिली.
यंत्र दाखवून विचारलं, हे कुणाचं, आठवतं?
"ताई, मी चाकं बघतो," म्हणाला.

शेवटचं ठिकाण आणिक-वडाळा रस्त्यावर,
मिठागरांच्या कडेला.
एका रविवारी रिकामा डबा घेऊन गेले.
"तुम्ही इच्छित स्थळी पोहोचला आहात," बाई म्हणाली,
आणि मी थांबले.
खारट वारा. वर तारांची गुणगुण.
दुभाजकाचा एक तुकडा बाकीच्यांहून नवा,
की फक्त रंग नवा, सांगता येत नव्हतं.
एवढंच.
सायलेन्सर थंड होताना टिकटिकत राहिला.
कुणी भांडलं असेल इथे.
पोलीस उभे राहत असतील.
किंवा चहा वाईट असेल, पण टपरी तर दिसेना.

हे ठिकाण काढून टाकायचं?
हो. नाही.
हातमोज्यातलं बोट दोन्हींच्या मध्ये
बराच वेळ धरून ठेवलं.

मंगळवारी ट्रॉम्ब्याहून परळला येते
ती त्याच रस्त्यानं, डब्यात चाळीसेक नळ्या,
झाकणं लाल, जांभळी.
त्या तुकड्यापाशी शेर्लीनचा फोन वाजतो कधीकधी.
तिथे उचलत नाही.
पुढच्या सिग्नलला उचलते.