दहावा

रेवदंड्यात दहावा म्हणजे शेजारच्यांचा:
खाडीकाठी भाताचा पिंड,
आणि कावळा शिवेपर्यंत सगळ्यांच्या माना वर.
मनामात दहावा म्हणजे मी.

नऊ डोकी जमली की नईमचा फोन यायचा ऑफिसात,
"बेनकर, ये."
पेणकरातला प त्याच्या ओठांना जमला नाही कधी.
बेन म्हणजे मुलगा, म्हणून मीही दुरुस्त केलं नाही.
टाय सैल करून, वही मिटून निघायचो.
दहा पुरुषांखेरीज कद्दिश म्हणता येत नाही
आणि त्या उन्हात
मेलेल्या माणसाला थांबा म्हणता येत नाही.

तसा मी त्यांच्यातला नव्हेच.
त्यांचे आजे बसऱ्याहून गलबतानं आले, मोत्यांच्या मागे.
माझे घाणा चालवीत, शनिवारी बैल सोडून देत;
गाव आम्हाला शनवार तेली म्हणे.
त्यांचे सूर मला उशिरापर्यंत कळले नाहीत.
आमेन तेवढं बरोबर जागेवर पडायचं.

मेनाशे, कापडवाला:
वार मोजताना अंगठ्याएवढं कापड जास्त सोडी,
आणि घरी बायकोशी पैशापैशावरून भांडे.
एज्रा, रेडिओ दुरुस्त करणारा:
रमजानात मोठ्यातला मोठा रेडिओ दारात ठेवी,
गल्लीला तोफ ऐकू यावी म्हणून.
स्वतः कानानं अधू होता. रोजा सुटला
हे त्याला लोकांच्या हातातल्या खजुरांवरून कळे.
खातून. हिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही,
फक्त खिडकीत बसून ती निळी लोकर विणायची
चाळीस अंश उष्म्यात, कोणासाठी कोण जाणे.

आणि साल्हा.
पहिल्याच शुक्रवारी तिनं बरणी पुढे सरकवली,
"अंबा. बगदादचं. तुला कुठलं माहीत असणार!"
हळद, मेथी, कैरीच्या फोडी.
मी म्हटलं, आजी, हा आंबा.
ती म्हणाली, अंबा.
म्हटलं, आमच्याकडे झाडालाच म्हणतात,
ती म्हणाली, मग तुमच्या झाडानं आमच्याकडून घेतलं असेल.
तीस वर्षं वाद चालला, तिनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही.
बरणी मात्र दर उन्हाळ्यात माझ्या दाराशी.

मग कोणी लंडनला मुलाकडे गेलं,
कोणी दुकान विकलं,
कोणी भिंतीआड आलं, इथे, कायमचं.
साल्हाच्या वेळी मोजलं तर
मीच नववा.

नईम फाटकाकडे बघत राहिला.
फाटकाबाहेर जाफर उभा होता, टोपी हातात,
तिच्याच स्वयंपाकघरात वाढलेला, रडून डोळे लाल.
त्याला मोजता येत नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.
पाऊण तास आम्ही थांबलो.
कद्दिश झालं नाही.
नईमनं तिचं नाव घेतलं, मोठ्यानं, तीनदा,
आणि जाफर बाहेरून आमेन म्हणाला.

इथली हवा खारी आहे, अक्षरं खाते.
आधी बारीक मात्रा जातात, मग साल, मग माणूस.
म्हणून अलिबागेहून आणलेल्या खतावणीत
मी सगळे लिहून काढले, मराठीत,
जसे ऐकले तसे, चुका असतील.
रकान्यावर 'नावे' छापलेलंच होतं.
शेजारचा 'जमा' कोराच ठेवला,
हिशेबनीस असून.
नईमच्या खाली एक ओळ सोडली आहे.

काल बादली घेऊन गेलो होतो.
साल्हाचा दगड धुतला, वर एक खडा ठेवला.
निघताना नळाखाली हात धरले. पाणी कढत.
हे हात पुसायचे नसतात, आपोआप वाळू द्यायचे,
तेवढा वेळ तरी माणूस सोबत राहतं म्हणे.
ऑगस्टात
फाटकापर्यंतही ओल पुरत नाही.