बेचाळीस अक्षरं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, एका वेळी दोन ओळी,
चार सेकंद. मग पुसायचं.
ऐरोलीत, सेक्टर चारला, बंद केलेल्या गॅलरीत बसून
मी सबटायटलं लावते.
या आठवड्यात माझ्याकडे एक काळी बाई आहे,
घोड्यांची डॉक्टर.
बर्फाचं गाव, लांबच लांब कुंपणं.
नवरा चर्चमधला पियानो जुळवतो
आणि गेल्या हिवाळ्यापासून तिच्याशी बोलत नाही.

पहिला अर्धा तास मी बंदुकीची वाट पाहिली,
खोटं कशाला सांगू.
कुणाचा तरी भाऊ धावत येईल, मागे पोलिसांची गाडी,
नाहीतर एखादा जाडा मामा धपकन पडेल
आणि आपण हसायचं.
कुणी आलं नाही.
तिनं घोडीच्या पोटाला कान लावला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.

वागळे इस्टेटमधून देवव्रत सरांचा फोन.
"भाषा फार शुद्ध वाटतेय, मॅडम.
काळे लोक आहेत ना, थोडं वस्तीतलं टाका,
अबे, भिडू, असलं काहीतरी. वाचायला मजा येते."
"ती पशुवैद्य आहे," मी म्हटलं.
"हो, पण तरी."

हो, पण तरी.
हे तीन शब्द मला शाळेपासून पाठ आहेत.
कॅमेरा आमच्याकडेही येतो, नाही असं नाही.
आधी गटारात डोकावतो, मग पत्र्यांवरून ड्रोन,
मग एक दारुडा काका, विनोदापुरता.
आम्ही दिघ्याला राहायचो तेव्हा चाळीत एक माणूस
रात्रपाळीहून आला की चपला न काढता पट मांडायचा.
पोस्टकार्डावरून बुद्धिबळ,
मिरजेच्या कुणा हेडमास्तरांशी.
एक डाव तीन वर्षं चालला.
त्याचा शॉट कुणी घेतला नाही.

सुदाम गंगावणे, रंगाच्या कंपनीत ऑपरेटर, रबाळे.
रिटायर झाल्यावरही दोन वर्षं नखं निळी होती.
माझे वडील.
त्या बाईला मी त्यांचीच मराठी दिली.
संथ, क्रियापदापाशी थांबून श्वास घेणारी,
राग आला की 'आपण' म्हणणारी.

एक तास बारा मिनिटांवर अडले.
जेवणाचं टेबल. दोघंच. ती काहीतरी बोलते,
इंग्रजीत पाच शब्द, सगळे साधे,
आणि मराठीत एकही बसेना.
'अजून रागावलायस?' नको.
'बोल ना रे' तर अजिबातच नको.

मागे वडील उभे, हातात बशी.
आवाज बंद होता, ते नुसतंच चित्र बघत होते.
म्हणाले, "मीठ तुमच्याकडे आहे."
"काय?"
"तुझी आई. अकरा महिने. एवढंच बोलायची."

मला हे माहीत नव्हतं.
मी तेव्हा त्याच घरात होते, त्याच ताटांमध्ये,
सातवीचा भूगोल पाठ करत.

टाइप केलं. नऊ अक्षरं.
तेहेतीस उरली, ती तशीच राहू दिली.

देवव्रत सरांना फाइल पाठवली. उत्तर आलं:
हे लोक नक्की कुठले, प्रेक्षकाला कळेल ना?
अजून काही लिहिलेलं नाही मी त्यांना.

"पुढे काय होतं?" वडिलांनी विचारलं.
"काही नाही. घोडी बरी होते."
"एवढंच?"
"एवढंच."
त्यांनी खुर्ची ओढली, बशी खिडकीत ठेवली,
चष्मा सदऱ्याला पुसला.
"मग पहिल्यापासून लाव.
आणि आवाज असू दे या वेळी."